नवऱ्यापेक्षा वाघ बरा

हव, कुलूपच हाये ते, कडी वाजवून काय होते — साधना कालेजात गेली, दोनच तास हायेत आज तिले, येईनच आता. या, इकडं माह्या ओसरीत बसा. संकोच नका करू, आमचं एकच घर समजा, मधातली भिंत बांधणाऱ्यानं बांधली म्हणून हाये. तुमी तिकडं पानठेल्यावर 'साधना मॅडमचं घर कोणतं' म्हणून विचारलं ना, तेव्हाच मी मनात म्हटलं, आल्या — मासिकाच्या मॅडम आल्या. ओळखलं कसं? तुमच्या त्या पन्नीच्या पिशवीत साधनाच्या मासिकातल्या पेपरची झेरॉक्स दिसून राह्यली ना, पहिल्या पानावर वाघाचा पंजा छापलेला, तो मी कुठीबी ओळखीन. साधना म्हणे दुपारच्या गाडीनं येतीन, तुमी त सकाळीच आल्या, बरं केलं, पोरगी झोपली हाये तवर निवांत बोलता येते — साधनाची पोरगी, रिंकू, चार महिन्यांची, दिवसभर माह्याच पाळण्यात राहते. खुर्ची घ्या. घ्या ना. खाली काऊन बसता मॅडम, फरशी गार लागते — बरं, राहू द्या, तुमची मर्जी, आजकाल डाक्टरबी खालीच बसा म्हणतेत. काल साधनानं मले तीनदा बजावलं, 'काकू, त्या मॅडम आल्या का चाय पाजा, पण मी येईपर्यंत त्या विषयावर एक शब्द बोलू नका.' आता तुमीच सांगा. मी काय उगाच बोलणारी बाई वाटते तुमाले?

ह्या पोपटाच्या शेंगा घ्या थोड्या सोलायले पुढ्यात, हात रिकामे राह्यले का माणसाले अवघडल्यासारखं होते. हं — पाहा, कशा भराभर निघून राह्यल्या तुमच्या हातातून! मॅडम असून! माह्या पोरीले, पुनमले, दाखवायले पाह्यजे, ती एका शेंगेले पाच मिनिटं लावते अन् त्यातली चार मोबाइल पाहते. चाय मांडली मी. माहं नाव कुंता, ते तुमाले ठाऊकच असन, पेपरात हाये ना — शेवटच्या पानावर, पार खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. 'क्षेत्रकार्यात साहाय्य केल्याबद्दल श्रीमती कुंताबाई यांचे आभार.' मी साधनाले म्हटलं, शेताचं काम मी कवा केलं वं, मी कोणाच्या धानात निंदायले गेली होती का? त ती हासली, म्हणे, 'काकू, क्षेत्र म्हणजे गावं.' असन बाप्पा. सातवी झाली माही, पण अक्षर असं का आमचे मास्तर फळ्यावरचा सुविचार माह्या हातानं लिहून घेत. आमचे हे तलावावर मासोळी धरतेत, मी बाजारात विकते, मले काय समजते तुमचं क्षेत्र.

पण तुमी कायले आल्या ते समजते. एकच गोष्ट विचाराची हाये तुमाले. साधनाच्या पेपरासाठी भरून आणलेला एक्केचाळीस नंबरचा फार्म, त्यातली बाई, मंगली, सावरटोल्याची — तिले कुंताबाई स्वतः भेटली का नाई. भेटली असन त नुसती नाव छापायची चूक, तुमी पुढच्या अंकात चार ओळी टाकाल का नाव चुकून आलं, माफ करा, अन् गोष्ट संपली. नसन भेटली त माहिती बनावट, सगळा पेपर रद्द, कालेजात कागद जाईन, अन् या महिन्यात साधनाचं नोकरीचं पक्कं होणार होतं ते गेलं. सात वर्षं झाली मॅडम, तासावर शिकवून राह्यली ती पोरगी, दिवाळी आली का तिले सुट्टी नाई लागत, बेकारी लागते. एवढं सगळं माह्या एका 'हव'वर टांगून ठेवलं तुमी लोकांनी. मंग घ्या. हव. भेटली. तिच्या दारात भेटली, तोंडानं बोलली ती माह्यासंग. लिहून टाका. साधना आली का तिच्यासमोर आखीन एकदा सांगीन.

नाई लिहीत? बरं, ती आली का लिहा.

घ्या चाय. साखर कमी हाये का? — त्याचं असं झालं मॅडम, गेल्या उन्हाळ्यात साधनाले सातवा महिना. पायावर ही सूज. अन् तिले बारा टोल्यांवर, रानातल्या वस्त्यांवर, जाऊन साठ बायांले विचारायचं होतं का तुमी मोहफूल येचायले, तेंदूपत्ता तोडायले रानात जाता, त वाघाचं भेव लागते का, कोणासंग जाता, किती वाजता जाता, जाच काऊन लागते. डाक्टरीन म्हणे घराबाहेर पाय नाई ठेवायचा. अन् तुमच्या मासिकाची तारीख आलेली. रडून राह्यली बिचारी, या इथीच, तुमी बसल्या तिथी. मी म्हटलं, थुत् पागल, मी कायले हाये? दे ते फार्म मले. बारा टोल्यांतल्या बाया माह्याजवळून मासोळी नेतेत, कोणाच्या घरी काय शिजते ते मले वासावरून समजते. तिनं मंग मले दोन दिवस शिकवलं, हे असं बसवून. काकू, आधी फार्म वाचून दाखवायचा. हव म्हटलं त अंगठा घ्यायचा, नाई म्हटलं त परत यायचं, जबरदस्ती नाई. काकू, आपल्या मनानं काही लिहायचं नाई. काकू, गावाचं नाव खरं, पण बाईचं नाव खरं लिहायचं नाई, दुसरं कोणतंबी लिहा, म्हणजे तिले तरास नाई होणार. अन् खाली ही एक लकीर मोकळी ठेवली ना, तिथी बाई जे बोलीन ते तिच्याच शब्दांत लिहा, पुस्तकी नको. असे तुमचे नियम, वहीत उतरवून देल्ले तिनं. चांगले हायेत, मी नाव नाई ठेवत.

त मी सगळे साठ फार्म चार दिवसांत हातात देल्ले तिच्या! तिले पटेचना. 'काकू, चार दिवसांत बारा टोले?' मी म्हटलं, तू आपली पड गुमान. रातभर — नाई, रातभर नाई, दिवसभर वाचत बसली ती, अन् एक्केचाळीस नंबर आला त ओरडली. मले वाटलं दुखायलेच लागलं तिले! धावत गेली मी, त फार्म छातीशी धरून बसलेली. 'काकू, ही बाई काय बोलली हो!' तिथी लिहिलेलं होतं — तुमी वाचलंच असन, पेपराचं नावच ते हाये — 'नवऱ्यापेक्षा वाघ बरा. वाघ पोट भरलं का सोडून देते. बिरजू संग असला का मले रानात भेव नाई लागत.' बस. एवढंच. मंग साधनानं ते नागपुरात मोठ्या सभेत वाचून दाखवलं, पाच महिन्यांआधी, पोट सांभाळत गेली, म्हणे का टाळ्या काय, टाळ्या काय! एक पांढऱ्या केसाच्या बाई रडल्या म्हणे. कोणी म्हणे, असं वाक्य आपण शंभर पुस्तकं वाचून नाई लिहू शकत. हे साधनानंच सांगितलं मले, डोळ्यांत पाणी आणून.

काऊन थांबल्या? अळी निघाली का शेंगेत? फेका तिकडं.

अन् मंग ते छापून आलं, अन् वाक्याच्या खाली, 'मंगली, सावरटोला.' साधनाले वाटलं नाव त बदललेलंच हाये, गाव राह्यलं त काय बिघडते. आता तुमचं मासिक वाचते कोण, तुमीच सांगा, रागावू नका. पण सावरटोल्याच्या शाळेवरच्या मास्तरनं वाचलं कुठीतरी, गावच्या ग्रुपवर टाकलं — पाहा, आपल्या गावाचं नाव मासिकात! झालं. तिथून तो झाडू, मंगलीचा नवरा, पंधरा दिवसांआधी इथी हजर. हीच झेरॉक्स हातात, अशीच पन्नीत. वाचता येत नाई त्याले, पण बोट बरोबर त्या ओळीवर ठेवलेलं. मी भिंतीवरून पाहून राह्यली होती. आरडाओरड नाई केली, खोटं कायले बोलू. हळूच म्हणे, 'मॅडम, माही बायको म्हणते मी असं बोललीच नाई, कोणी विचारायलेच आलं नाई. तुमी सांगा. तुमी म्हणान ते खरं.' साधना म्हणे, दादा, हे नाव खोटं हाये, तुमची बायको नाई ही. त तो म्हणे, 'मॅडम, सावरटोल्यात मंगली एकच हाये. अन् बिरजूबी एकच, माह्या काकाचा पोरगा.' मंग साधना पांढरीफटक पडली, त्याले पाणी देल्लं अन् माह्याकडं आली, मागच्या दारानं. माहे हात धरले. 'काकू, खरं सांगा, भेटल्या होत्या ना तुमी तिले?'

आता मी काय म्हणाव मॅडम? बाळंतीण बाई, दोन रात्री पोरीनं झोपू देल्लं नाई, नोकरी गळ्याशी आलेली. मी म्हटलं, हव, भेटली, तिनंच सांगितलं, माहीच चूक झाली, नाव बदलायचं राह्यलं. पुनमची आण घेतली. मंग ती पोरगी — ती अशी खरी हाये ना, अती खरी, त्याचाच तरास — ती गेली झाडूसमोर अन् हात जोडले. 'दादा, माफ करा, नाव छापायले नाई पाह्यजे होतं, चूक माही हाये. पण तुमच्या बायकोनं विश्वासानं सांगितलं होतं, तिले काही बोलू नका.' तो 'बरं' म्हणाला. पाणीबी नाई पिला. गेला.

तवर त्याले नुसता संशय होता. माफी मागितली अन् पक्कं झालं!

हव, काढलं ना मंगलीले घरातून. दुसऱ्याच दिवशी. मासोळीच्या बाजारात समजलं मले. लुगडी अंगणात फेकली, चार वर्षांचं पोरगं सासूनं ठेवून घेतलं, ती भावाकडं हाये, भावजयीनं घरात नाई घेतलं त गाईच्या कोठ्यात झोपते म्हणे. तो बिरजू पळाला तेलंगणात मिरच्या तोडायले, पळाला म्हणजे लोक काय समजाचं ते समजले. साधना तवापासून जेवत नाई नीट. तिनंच तुमाले चिठ्ठी लिहिली, का नाव माह्याकडून गेलं, दुरुस्ती छापा. कोणी तक्रार केली नव्हती हो! हिचंच मन खाऊन राह्यलं होतं. अन् मंगलीचं म्हणाल — मी त म्हणते मॅडम, धूर निघाला म्हणजे काहीतरी असनच. नवरा उगाच काढत नाई. बाई चांगली असती त एवढ्याशा कागदानं संसार मोडला असता? माहं नाव घेऊन कोणी असं छापाव, आमचे हे हसतीन नुसते.

काय? — पोरगं पाच वर्षांचं हाये? चार नाई? असन, तुमाले साधनानं लिहिलं असन. एक साल इकडं तिकडं.

काय म्हणता? त्या चार दिवसांत कोणत्या गाडीनं गेली मी? — टमटमनं गेली. नाई, टमटम टोल्यापर्यंत नाई जात, बरोबर हाये तुमचं, फाट्यावर उतरून दीड कोस पायी. तुमाले रस्ता चांगला माहीत हाये. घराचं दार कोणीकडं? — तुमी त पोलिसावाणी विचारून राह्यल्या मॅडम. दार... आता मी काय दार पाहत बसली होती.

बरं. ऐका. तुमी बाईमाणूस हा, खाली बसून माह्या शेंगा सोलल्या, तुमच्यापासून काय लपवू. तुमाले पेपर रद्द कराचा असता त आल्याआल्या वही काढली असती. आपल्या दोघीत ठेवा. मी नाई गेली.

कशी जाणार? मी फार्म घेतले अन् तिसऱ्या दिवशी त्याच रानात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईले वाघानं नेलं. रस्ता बंद, फारेस्टवाले उभे. आमचे हे म्हणे, घराबाहेर पडली त टंगड्या तोडीन. इकडं साधना आस लावून बसलेली. मंग मी आतल्या खोलीत बसली, ढणढण पंखा लावला, अन् साठच्या साठ फार्म भरले. पण वाऱ्यावर नाई भरले मॅडम! एकेक बाई डोळ्यासमोर आणली. ही किती वाजता उठन, हिच्या घरी तेल हाये का, हिचा नवरा पेते का, त तशी ही रानात जाईन. खोटं कुठी हाये त्यात? उलट मी गेली असती तरच खोटं आलं असतं. अनोळखी बाईनं फार्म समोर धरून विचारलं का नवरा मारते का, त कोणती बाई हव म्हणन? सगळ्या म्हणतीन, नाई बाई, देवमाणूस हाये. अन् साधनानं तेच छापलं असतं. मी घरी बसली म्हणून खरं त आलं जरा! अन् अंगठे — तुमी हासाल — अंगठे साठ वेगवेगळे दिसले पाह्यजे ना? दहा बोटं हायेत हाताले. एकेका बोटाच्या वाट्याले सहा सहा फार्म आले, बरोब्बर. करंगळी पोरींच्या नावावर लावली, अंगठा म्हाताऱ्यांच्या. शाई आठ दिवस निघाली नाई, हे विचारत होते कोणाले मत देऊन आली.

नाई हासत? असो.

अन् खरं सांगू का, मले त राग याचाच हाये मॅडम. साधनानं तुमचा तो नियम वाचून दाखवला होता मले, का ज्याचं लिहिलेलं असन त्याचं नाव द्याव, दुसऱ्याचं आपलं म्हणून छापू नये, तो चोरीचा गुन्हा. हाये ना असा नियम? मंग 'नवऱ्यापेक्षा वाघ बरा' हे कोणाचं हाये? साधनाचं हाये? त्या मंगलीचं हाये? माहं हाये ते! मी बसल्या जागी लिहिलं! चाळीस फार्म झाले होते, सगळ्यांत तेच तेच — भेव लागते पण जाच लागते, भेव लागते पण जाच लागते — माहा हात कंटाळला, अन् एकदम ते आलं, अंगावर काटा आला माह्या, पेन ठेवून पाणी पिली मी. अन् नागपुरात टाळ्या वाजल्या त्या कोणाले? लोक म्हणतेत, मंगली काय बोलली! मले काय? शेताचं काम. आभार. मुंगीएवढ्या अक्षरात. मी कोणाले सांगूबी शकत नाई, गळ्यात अडकून बसलं हाये पाच महिन्यांपासून, तुमालेच पहिल्यांदा सांगून राह्यली. मासिकात तुमी एक काम करा ना — दुरुस्ती टाकता त त्यात — नाई, नाई, नका टाकू. बोलून गेली. सोडा.

मंगलीबद्दल कोणी सांगितलं म्हणता? बिरजूबद्दल? कोणीच नाई. मले काय माहीत मंगली कोण न बिरजू कोण, मी सात जन्मात त्या टोल्यावर गेली नाई. साधनाच म्हणे ना, खोटं नाव लिहा. मंग खोटं म्हणून जे पहिलं आलं ते लिहिलं. मंगळवारी झाली का मंगली, बुधवारी झाली का बुधी, रानातल्या कोणत्याबी टोल्यावर जा, पाच मंगल्या उभ्या राहतीन, असं वाटलं मले. ते काय कोणाचं नाव थोडीच हाये! तसाच बिरजू. आता सावरटोल्यात एकच मंगली निघन अन् बिरजू नेमका तिच्या नवऱ्याचा भाऊ निघन, हे मी काय पाटीवर वाचलं होतं? देवाची करणी. माह्या मनात काही नव्हतं हो. मी त नियमानं खोटं नाव लिहिलं.

पोरगी कुरकुरली वाटते... नाई, झोपली. बसा तुमी, मी आणखी चाय टाकते, साधना येईनच. तवर तुमचं नाव सांगून ठेवा, मी कागदावर लिहून ठेवते, म्हणजे मधात कुठी गेल्या त —

काय?

नाई, मंगलीचं झालं आता. तुमचं. तुमचं नाव विचारलं मी मॅडम.

...

हं.

सावरटोल्याची?

मंग आल्याबरोबर बोलली काऊन नाई वं? अर्धा तास झाला, माही चाय पिली, मॅडम मॅडम करून घेतलं माह्या तोंडून, अन् पोटातलं सगळं काढून घेतलं! मले वाटलं मासिकाकडून आली. मी काय तुह्या तोंडाकडं पाह्यलं, मी त झेरॉक्स पाह्यली. चांगली हुशार हाये, कोण म्हणते रानातली. — रडाचं असन त हळू रड, पोरगी उठन. नाई रडत? बरं हाये.

काय पाह्यजे तुले? लिहून पाह्यजे. माह्या हातचं, का हे मंगली बोलली नाई, कुंतानं घरी बसून लिहिलं. झाडूले दाखवायले. हव ना? समजते मले, मीबी पोरीची माय हाये, तुहं पोरगं तिकडं, तू कोठ्यात, माह्या जिवाले काय बरं वाटून राह्यलं असं नको समजू. पण ठंड्या डोक्यानं ऐक. मी ते लिहून देल्लं का त्याच कागदानं साधनाची नोकरी जाईन. अन् तुले काय भेटन? झाडू घेईन घरात? नाई घेणार. माणसं ओळखते मी. एकदा गावासमोर लुगडी फेकली ना, मंग बाई खरी निघाली त त्याले आणखीनच राग येते, का आता आपण खोटे पडलो. त्याले कागद नको हाये वं, बहाणा पाह्यजे होता. तुहं मोडलं ते मोडलं. एकीचं मोडलं म्हणून दुसरीचंबी मोडाव, असं कुठी लिहिलं हाये? तूच सांग, उद्या या पाळण्यातल्या पोरीले कोण दूध पाजन?

सांगशील कोणाले? सांग. जा. कोण मानन? मी म्हणीन, इथी कोणी आलंच नाई. माहं छापलेलं हाये, वाघाच्या पंज्यासकट. तुहं नुसतं तोंडचं.

अन् एक विचारू तुले, आपल्या दोघीतच? मास्तरनं ते वाचून दाखवलं असन गावात, 'नवऱ्यापेक्षा वाघ बरा' — तवा तुह्या मनात एक घडीभर आलं नाई का, का हे मीच म्हणायले पाह्यजे होतं? खरं सांग. माह्याकडं पाहून सांग.

पाह्य. चूप बसली. म्हणजे मी खोटं नाई लिहिलं.

आटो थांबला वाटते. ऊठ. ऊठ म्हणते ना! गाडी आज टाइमाच्या आधी आली का काय — ते पाह्य, चष्मा, खांद्याले पिशवी, ती खरी मॅडम हाये. पदर घे तोंडावर. पूर्ण घे. झेरॉक्स दे इकडं, माह्याजवळ राहू दे. दे म्हटलं ना. अन् एक शब्द बोललीस त तुह्या भावजयीले मी रोज बाजारात भेटते, एवढं ध्यानात ठेव, कोठाबी राहणार नाई मंग.

या, या मॅडम! इकडून या, चिखल हाये तिथी. साधना कालेजात गेली, येईनच आता, तुमचीच वाट पाहून राह्यलो आमी. मी कुंता, हव, तीच, फार्मवाली. बसा खुर्चीत. — ही? ही कोणी नाई, शेंगा सोलायले येते कधीमधी, चाललीच ती. विचारा ना मॅडम, साधना कायले पाह्यजे, मी स्वतः गेली होती ना, दोन पायांनी. मंगलीले? हव, भेटली. तिच्या दारात. तिनंच सांगितलं, तिच्याच तोंडानं, मी नुसतं लिहून घेतलं, शब्दाले शब्द. आठवते म्हणजे? पक्की आठवते. बारीक अंगाची हाये, हनुवटीवर तीन टिपके गोंदलेले, डाव्या भुवईवर जुनी खूण, बोलते कमी, डोळे खाली ठेवत नाई. लिहा तुमी. आता इथी आणून उभी केली ना मॅडम, तरी ओळखीन मी तिले.

तू गेली नाई का वं अजून? फाटक लावून घे जाताना.